बंबाचे फोटो काढायचेत? आधी दारातून बाजूला व्हा

अग्निशमन केंद्राच्या गेटसमोर उभं राहू नका, गाडीही लावू नका. कॉल आला की बंब क्षणात बाहेर पडतो. आत जाऊन ड्युटीवरच्या अधिकाऱ्याला रीतसर विचारा. नाही म्हटलं तर हुज्जत नको. मुंबईत १४ एप्रिलपासूनचा अग्निशमन सेवा सप्ताह सोयीचा. १९४४ साली त्याच तारखेला व्हिक्टोरिया गोदीत स्फोट झाला होता, त्याच्याच स्मरणार्थ तो पाळतात.

फ्लॅश बंदच ठेवा. गाडीवरच्या परावर्तक पट्ट्या उजेड थेट लेन्सकडे फेकतात. पट्ट्या पांढऱ्याफटक, गाडी काळी. एलईडी दिवे सतत लुकलुकतात, म्हणून १/५०० सेकंदाच्या शटरला बरेचदा विझलेलेच येतात. उभ्या गाडीला १/६० ठेवून आठ-दहा फोटो सलग काढा, एखादा साधतोच. उन्हात लाल रंगाचा तपशील जळतो; एक्स्पोजर, म्हणजे फोटोतला उजेड, अर्धा स्टॉप (थोडासा) उतरवा. मोबाइलच्या वाइड लेन्सने जवळून काढलं तर पुढचा भाग बेढब फुगतो. चार पावलं मागे जा, ५० ते ७० मिमीची लेन्स वापरा.

समोरून, तिरका, मागून असे फोटो झाले की पंपाचं पॅनेल घ्याच. बंबाची खरी ओळख तिथे असते, नवखे नेमकं तेच विसरतात. नियंत्रण कक्षातले फलक मात्र फ्रेममध्ये नकोत. आणि आगीच्या जागी बंबामागे धावत जाणं? हा छंद नव्हे, अडथळा.