दुखायची थांबली, मग कॅप कशाला?

प्रश्न: माझ्या खालच्या पहिल्या मोठ्या दाढेचं रूट कॅनाल होऊन महिना उलटला. ठणका पूर्ण थांबलाय. डॉक्टर कॅपसाठी बोलावतायत. घरचे म्हणतात, दुखत नाही तर पुन्हा खर्च कशाला? नणंदेच्या पुढच्या दाताला नुसतं फिलिंग केलं, तिचं छान चाललंय. शिवाय कॅपचे तीन प्रकार सांगितलेत. महाग तीच चांगली का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: ताई, ठणका थांबला तो आतली नस काढली म्हणून. दाढ काही पूर्वीसारखी भक्कम झालेली नाही. आधी किडीनं पोखरली, मग नसेपर्यंत पोचायला आम्ही वरून कोरली. उरल्या त्या कडेच्या भिंती. नस गेली की दात वाळून ठिसूळ होतो असं सांगतात, पण खरं कारण हे पोखरलेपणच. नणंदेचा पुढचा दात बराचसा शाबूत असेल, तर फिलिंगवर भागतं. मागच्या दाढांवर चावण्याचा भार कितीतरी जास्त. एखाद्या दिवशी चिक्की, मटणाचं हाडूक किंवा सुपारीचं खांड नेमकं तिथं सापडतं आणि भिंत तुटते. वरचा टवका उडाला तर निभावता येतं. चीर मुळात उतरली की दाढ काढावीच लागते. मग रूट कॅनालचे पैसे पाण्यात, आणि ब्रिज करायचा, म्हणजे शेजारच्या दोन दातांना कॅप घालून मधे खोटी दाढ जोडायची, तर एका दाढेसाठी निदान तीन कॅपांचं बिल. घरच्यांना हा हिशेब सांगा.

त्याआधी एक फोन करा, आजच. आत पक्कं फिलिंग आहे की तात्पुरतं सिमेंट, एवढं विचारा. तात्पुरतं असेल तर आता थांबू नका. ते झिजतं, कडेनं लाळ झिरपते, लाळेबरोबर जंतू जातात आणि उत्तम झालेलं रूट कॅनालही बिघडतं.

आता महाग-स्वस्त. हसताना ही दाढ दिसत नसेल तर मी साधी मेटलची कॅप सुचवते. तिच्यासाठी दाढ कमी तासावी लागते, तिचे टवके उडत नाहीत. चांदीसारखी दिसते म्हणून फार थोडे पेशंट ऐकतात, हा भाग वेगळा. मेटल-सिरॅमिकचा रंग दाताचा, पण वरचं सिरॅमिक कधी कधी उडतं आणि हिरडीपाशी काळसर कड दिसू लागते. झिरकोनिया, म्हणजे दाताच्या रंगाच्या कणखर सिरॅमिकची कॅप, मजबूत आणि देखणी, किंमतही तशीच. तिच्या वॉरंटी कार्डावर मात्र भाळू नका. वॉरंटी कॅपची असते, खालच्या दाढेची नव्हे. कॅपला कीड लागत नाही, पण तिच्या कडेला, हिरडीलगत, दाढेला लागते. नस नसल्यानं ती दुखून कळवणारही नाही, तेव्हा ब्रश तिथवर पोचू द्या.

आणि कॅप बसवल्यावर दात मिटताना तीच आधी टेकतेय असं वाटलं, तर होईल सवय म्हणून घरी येऊ नका. खुर्चीतून उठण्याआधीच सांगा, जागेवर घासून देतात.