सोयाबीनमध्ये उड्या मारणारा काळा-पांढरा पक्षी तणमोर असेल का? त्याच्यासाठी शेतकरी काय करू शकतो?

तुम्ही लिहिलंय की वाशिमजवळच्या तुमच्या शेतात जुलैपासून कोंबडीएवढा काळा-पांढरा पक्षी एकाच जागेवरून सारखा वर उसळतो आणि बेडकासारखा आवाज येतो. हा तणमोराचा, म्हणजे माळढोकाच्या कुळातल्या गवताळ माळावरच्या दुर्मीळ पक्ष्याचा, नरच. डोंबारी पक्षीही हवेत कसरती करतो, पण तो चिमणीएवढा. दुर्बिणीतून डोक्यामागे बघा: वर वळलेली, टोकाला रुंद झालेली लांब पिसं दिसली की शंका उरत नाही. पिकाच्या वर दीड-दोन मीटर उसळून तो मादीला आपली जागा दाखवतो. दिवसाला पाचशेच्या आसपास उड्या होतात, सकाळ-संध्याकाळी जास्त, ढगाळ हवेत दुपारीही.

नर सगळ्यांना दिसतो, म्हणून सगळे त्याच्याच मागे लागतात. जपायचं आहे ते मात्र आसपास कुठेतरी बसलेल्या मादीला. ती मातकट, रेघारेघांची आणि नरापेक्षा थोडी मोठी असते. उघड्या जमिनीवरच तीन-चार अंडी घालते आणि सुमारे २१ दिवस एकटीच उबवते. आता तारखा जुळवून बघा. १५ ऑगस्टच्या सुमारास अंडी घातली तर पिल्लं सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघतात, आणि लवकर येणारं सोयाबीन त्याच महिन्याच्या अखेरीस सोंगणीला येतं. तोवर पिल्लं तीन-चार आठवड्यांची झालेली असतात. ती चालतात, पण धोका जाणवला की पळण्याऐवजी जमिनीला चिकटून बसतात. हार्वेस्टरपुढे हीच सवय त्यांच्या जिवावर बेतते.

म्हणून नर जिथे उड्या मारत होता तो तुकडा सोंगणीला सगळ्यात शेवटी घ्या. यंत्र कडेने गोल फिरवत आत आणू नका. पक्षी मधल्या पट्ट्यात कोंडतात. एका बाजूने सुरुवात करून गवताळ धुऱ्याकडे (बांधाकडे) सरकत जा, म्हणजे त्यांना निघायला वाट राहते. धुऱ्यावर तणनाशक मारलेलं असेल तर या वाटेचा उपयोग नाही, म्हणून ते गवत राहू द्या.

डवरताना (कोळपताना) अंडी दिसली तर हात लावू नका, काट्यांचं कुंपणही करू नका. भोवतीची दहा-पंधरा पावलं जागा सोडून पुढे जा आणि पुन्हा बघायला जाऊ नका. माणसाच्या वासामागे कुत्री येतात, वर्दळीकडे कावळ्यांचं लक्ष जातं.

फवारणीबद्दल: पिल्लं टोळ, भुंगे, अळ्या खाऊन वाढतात. वेळापत्रक धरून औषध मारण्याऐवजी आधी किडी मोजा, नुकसानीची पातळी ओलांडली तरच फवारा. सुरुवातीच्या अळ्यांवर ५ टक्के निंबोळी अर्क पुष्कळदा पुरतो.

गावाचं कुरण असेल तर जुलै ते सप्टेंबर चराई बंद आणि गवत कापणी ऑक्टोबरच्या मध्यानंतर, एवढं ग्रामसभेत ठरवून घ्या. अकोला-वाशिम पट्ट्यात ‘संवेदना’ संस्थेबरोबर फासेपारधी समाजाने गवताळ जमिनी राखायचं काम केलंय, ते जाऊन बघण्यासारखं आहे. माळाला ‘पडीक’ म्हणून तिथे चर खणून गिरिपुष्प लावण्याची योजना आली तर लेखी हरकत घ्या. झाडं वाढली की तणमोर ती जागा सोडतो. मला तरी हा चराईपेक्षा मोठा धोका वाटतो, कारण चरलेलं गवत पुढच्या पावसात परत येतं.

हे सगळं आताच करायचं, कारण १९९९च्या अंदाजात साडेतीन हजारांच्या घरात असलेले हे पक्षी २०१७-१८च्या पाहणीत सातशेच्या आत आले होते. पावसाळा संपला की ते दख्खनच्या इतर भागांत आणि दक्षिणेकडे पांगतात. तिथे त्यांचं काय होतं यावर तुमचा ताबा नाही, प्रजननाच्या या तीन महिन्यांवर आहे.

नोंद वनविभागाला कळवा: तारीख, वेळ, गट क्रमांक, पीक आणि पिकाची उंची. फोटो लांबून, गाडीतूनच काढा, ड्रोन नको. आणि नेमकी जागा समाज माध्यमांवर टाकू नका, निदान ऑक्टोबर संपेपर्यंत तरी.