आधी खडू घ्या, मग टायर : बागेतल्या जुन्या ट्रॅक्टरची प्रश्नोत्तरे

पाऊस ओसरायला लागला की द्राक्षपट्ट्यातून फोन सुरू होतात. ऑक्टोबर छाटणी तोंडावर आलेली असते, त्यानंतर फवारणीचा ब्लोअर रोज ओढायचा असतो, आणि नेमकं तेव्हा लक्षात येतं की मिनी ट्रॅक्टरचे टायर झिजून पार गोटा झालेत. दहा-बारा वर्षं वापरलेल्या गाडीला काय घालायचं, हे तोवर दुकानदाराने, पंक्चरवाल्याने आणि पारावरच्या मंडळींनी सांगून झालेलं असतं. या तिघांत खरं कोण, एवढंच मला ठरवायचं असतं. बहुतेक वेळा तिघंही अर्धेच बरोबर असतात. या खेपेला आलेल्या प्रश्नांपैकी काही घेतो.

प्रश्न : गाडीला मागे ८.००-१८ चे टायर आहेत. शेजाऱ्याकडे ८.३-२० ची जोडी जवळपास नवी पडून आहे, स्वस्तात देतोय. बसेल का? (निफाड)

नाही. शेवटचा आकडा डिस्कचा, म्हणजे टायर ज्या लोखंडी चाकावर चढतो त्याचा, व्यास आहे, इंचात. १८ च्या डिस्कवर २० चा टायर चढत नाही.

प्रश्न : कोणत्या कंपनीचा टायर सगळ्यात चांगला? (बारामती)

ज्या कंपनीचा विक्रेता तक्रार आल्यावर टायर उतरवून बघतो, त्या कंपनीचा. बिलावर टायरचा क्रमांक लिहून घ्या, नाहीतर वॉरंटी नुसती बोलण्यापुरती राहते. बाजूवरचा चार आकडी शिक्काही वाचा. ३५२२ असेल तर तो टायर २०२२ सालच्या ३५व्या आठवड्यात बनलाय. गोदामात चार वर्षं पडलेल्या मालाला काळं पॉलिश मारलं की तो ताजा दिसतो. चकाकीकडे बघू नका, आकडे बघा.

प्रश्न : माझा ट्रॅक्टर फोर व्हील ड्राइव्ह आहे. मागचे दोन टायर संपलेत, पुढचे अजून अर्धे आहेत. दुकानदार म्हणतो, साइज तीच आहे, मागचे तेवढे घाला, बिनधास्त चालवा. ठीक आहे ना? (तासगाव)

या एका ‘बिनधास्त’पायी किती पुढचे एक्सल खोलावे लागतात, ते सर्व्हिस सेंटरला विचारा. जरा सविस्तर सांगतो. पूर्ण वाचा.

फोर व्हीलमध्ये, म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळतो त्या गाडीत, पुढची आणि मागची चाकं गिअरने एकमेकांना बांधलेली असतात. मागचं चाक दहा फेरे फिरलं की पुढच्याने किती फिरायचं, हे कारखान्यात ठरलेलं असतं आणि तुम्हाला ते बदलता येत नाही. त्यातही पुढचं चाक मुद्दाम थोडं जास्त फिरेल असा हिशेब ठेवतात, साधारण १ ते ५ टक्के. त्यामुळे पुढची चाकं गाडीला ओढतात, मागून ढकलली जात नाहीत. हा हिशेब टायरच्या घेरावर उभा आहे. घेर बदलला की तो मोडतो.

आता तुमचं उदाहरण घ्या. मागे नवे टायर घातले, म्हणजे मागचा घेर वाढला. पुढचे अर्धे झिजलेले, त्यांचा घेर आधीच कमी झालेला. आता जमिनीच्या हिशेबाने पुढच्या चाकांना जास्त फेरे घ्यायचे आहेत, पण गिअर त्यांना तेवढं फिरू देत नाही. गाडी पुढे जाते आणि पुढची चाकं ब्रेक लावल्यासारखी घासत येतात. उलट केलं, म्हणजे मागे गोटा आणि पुढे नवेकोरे, तर पुढची चाकं प्रमाणाबाहेर धावतात आणि नव्या टायरचे दात बघता बघता जातात. मऊ रानात माती सरकते म्हणून हा ताण जिरतो. डांबरी रस्त्यावर जिरायला जागा नसते, तो सगळा गिअरवर आणि शाफ्टवर साठतो. फोर व्हील चालू-बंद करायचा दांडा अडकतो, थोडं मागे घेतल्यावरच सुटतो, हा अनुभव अनेकांना आहे. लोक दांड्याला ग्रीस लावतात. दुखणं टायरात असतं.

‘साइज तीच आहे’ यावर तर माझा अजिबात विश्वास नाही. एकाच आकड्याचे दोन कंपन्यांचे टायर घेराला सारखे असतीलच असं नाही. दातांची उंची वेगळी असते, पोटाची गोलाई वेगळी असते. दुकानदार साइज वाचून सांगतो. घेर तुम्हालाच मोजावा लागेल, आणि त्याला एक खडू पुरतो.

सपाट जागा घ्या. चारही टायरांत गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे हवा भरा, मागचं अवजार काढा. मागच्या आणि पुढच्या एकेका चाकावर खडूने रेघ मारा. फोर व्हील बंद करून गाडी अगदी हळू चालवा. दुसऱ्या माणसाने बाजूने, अंतर राखून चालायचं आणि मागचं चाक बरोबर दहा फेरे फिरेपर्यंत पुढच्याचे फेरे मोजायचे. मग तेच फोर व्हील चालू करून, पण भुसभुशीत जमिनीवर. समजा पहिल्या वेळी १५ फेरे आले आणि दुसऱ्या वेळी साडेपंधरा. फरक अर्ध्या फेऱ्याचा, भागिले १५, म्हणजे ३ टक्क्यांच्या थोडं वर. उत्तम. दुसरा आकडा पहिल्याएवढाच किंवा कमी आला, तर पुढची चाकं ओढत नाहीत, लोंबतायत. ५ च्या वर गेला तरी गडबडच.

ही मोजणी आत्ता, जुन्या टायरांवरही करून ठेवा आणि आकडे वहीत लिहा. मग पुस्तिकेत पुढचा-मागचा जो जोड दिलाय तोच, एकाच कंपनीचा घ्या. शक्यतो चारही टायर एकदम बदला. पैशाची अडचण मला कळते, पण चार टायरांचा खर्च आणि पुढच्या एक्सलचं काम यांची बेरीज-वजाबाकी एकदा स्वतः करून बघा. चारही जमतच नसतील, तर मागचे घालण्याआधी हे आकडे घेऊन सर्व्हिस सेंटरच्या मेकॅनिककडे जा. दुकानदाराकडे परत जाऊ नका.

प्रश्न : मागचा एकच टायर फाटलाय. एकच बदलला तर? (पलूस)

जोडी बदला. दोन बाजूंचे घेर वेगळे राहिले की सरळ चालतानाही डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना कमी-जास्त फिरू देणारे गिअर) सतत फिरत राहतं, ते त्यासाठी बनवलेलं नाही.

प्रश्न : डाळिंबाची बाग आहे. काट्यांनी महिन्यात तीन-तीन पंक्चर होतात. टायरमध्ये घालायचं लिक्विड मिळतं, ते टाकू का? आणि जास्त प्लायचा टायर घेतला तर काटा शिरणार नाही, हे खरं का? (सांगोला)

लिक्विड बारीक भोकाला काही दिवस चालतं. बाजूची भिंत फाटली तर त्याचा उपयोग शून्य. घातलंच तर पंक्चरवाल्याला आधी सांगा, नाहीतर ट्यूबवर ठिगळ धरत नाही आणि तो तुम्हालाच शिव्या देईल. प्लायचं म्हणाल तर टायरवरचा ‘६ पीआर’, ‘८ पीआर’ (प्लाय रेटिंग) हा आकडा ताकदीचं माप आहे, आत तितके थर मोजून घातलेत असं नव्हे. ८ चा टायर कडक असतो, काट्याला सहजी दाद देत नाही, इतकंच. खरा उपाय म्हणजे छाटणीचा काडीकचरा ओळीतून उचलणं. बागेत तेल्या रोग असेल तर तो कचरा तसाही बागेबाहेर नेऊन नष्ट करायचा असतो. इथे एका कामात दोन साधतात. आणि नव्या टायरात जुनी ट्यूब घालून पैसे वाचवू नका. वापरून ताणलेली ट्यूब आत घडी घालते आणि त्या घडीवरच फाटते. मग काट्याला उगाच दोष.

प्रश्न : टायर डिस्कवर नीट बसत नव्हता. पंक्चरवाल्याने काठाला जळकं ऑइल लावलं आणि ‘टक्’ आवाज येईपर्यंत हवा मारत राहिला. हवेच्या मीटरचा काटा ५० च्या वर गेला होता. चालतं का हे? (दिंडोरी)

चालत नाही. काठ बसवताना हवेचा दाब ३५ पीएसआयच्या वर न्यायचा नाही, अनेक टायरांच्या बाजूवर तसं छापलेलंही असतं. ३५ पर्यंत बसला नाही तर हवा पूर्ण सोडा, काठाला साबणाचं पाणी लावा, टायर सरळ करा आणि पुन्हा सुरुवात करा. ऑइल किंवा ग्रीस नको. रबर खराब होतं, आणि नंतर लोडवर टायर डिस्कमध्ये सरकून ट्यूबचा हवा भरायचा वॉल्व्ह उपटून काढतो. काठातली तार तुटली तर टायर फुटतो, आणि तेव्हा वर वाकलेला माणूस वाचेलच असं सांगता येत नाही. असा उडालेला टायर पत्र्याच्या शेडमधून आरपार गेल्याचं भोक मी पाहिलंय. नळी लांब हवी, तिला चिमटा हवा आणि माणूस बाजूला उभा हवा. पेट्रोल शिंपडून काडी लावणारे महाभागही आहेत. त्यांच्याकडून हवासुद्धा भरून घेऊ नका.

बसल्यावर हवा उतरवून पुस्तिकेतल्या आकड्यावर आणायला विसरू नका. मागच्या टायरांना शेतात लागणारी हवा लोकांच्या अंदाजापेक्षा बरीच कमी असते. लाथ मारून हवा तपासणं बंद करा, मीटर घ्या.

प्रश्न : डिस्क गंजून चीर पडलीय. टायर न काढता वेल्डिंग मारून मिळेल का? (विटा)

मारून देणारा भेटेल. त्याच्याकडे जाऊ नका. तापलेल्या डिस्कमुळे आतलं रबर गॅस सोडतं आणि टायर स्फोट होऊन फुटतो, हवा सोडलेली असली तरीही. टायर आधी पूर्ण उतरवा. काठ बसतो त्या जागीच चीर असेल तर डिस्क बदला.

प्रश्न : मागच्या टायरची नक्षी कोणत्या बाजूने ठेवायची? (जुन्नर)

टायरवर बाण असतो, पुढे चालताना त्या दिशेने चाक फिरलं पाहिजे. गाडीच्या मागे उभं राहिल्यावर नक्षी घराच्या छपरासारखी दिसली की बरोबर.

प्रश्न : फार्महाउसवर हिरवळ कापायचा छोटा ट्रॅक्टर आहे. पुढच्या टायरवर १५x६.००-६ लिहिलंय. म्हणजे डिस्क १५ इंची का? (मुळशी)

नाही, या टायरांची लिहायची रीत वेगळी आहे. १५ ही टायरची एकूण उंची, ६ रुंदी आणि शेवटचा ६ डिस्कचा व्यास. सगळं इंचात. शेतातल्या दातांचा टायर घालू नका, पहिल्याच वळणावर हिरवळ उपटून येईल.

प्रश्न : टायरला बाजूने भेगा पडल्यात, पण हवा टिकते. एवढी छाटणी आणि माल निघेपर्यंत ढकलू का? फोटो पाठवलाय. (पिंपळगाव बसवंत)

भेगेत धागे दिसत असतील तर गाडी आजच उभी करा. ऐन फवारणीत, औषधाने भरलेली टाकी मागे असताना टायर बसला तर दोन ओळींच्या मध्ये जॅक लावायलाही जागा मिळणार नाही. आणि जॅक लावालच तेव्हा पुढचा एक्सल झुलतो हे ध्यानात ठेवून दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी मारा. नुसत्या जॅकवर भिस्त ठेवून खाली जाऊ नका.

धागे दिसत नसतील तर टायर उतरवून आतून बघायला सांगा. आतून फुगवटा आला असेल तर बाहेरून काहीच कळत नाही. फोटो मिळाला, पण त्यात टायरची आतली बाजू दिसत नाही. टायर घेऊन जवळच्या जाणत्या टायरवाल्याकडे जा.