पाच मित्रांनी सायकलवर रोज १०० किलोमीटर जायचं असेल, तर दिवस कसा आखावा?

तुम्ही पाचजण पहिल्यांदाच सामान लादून निघताय, रोजचं अंतर साधारण १०० किलोमीटर आहे आणि सगळ्यांचा वेग सारखा नाही. अशा दिवसाची आखणी करताना मी वेगाआधी थांब्यांचा हिशोब करतो.

सामानासह ताशी १८ किलोमीटर सरासरी धरली, तर नुसतं पेडल मारायलाच साडेपाच तास लागतात. मग एकाला पाणी भरायचं असतं, दुसऱ्याला जॅकेट काढायचं असतं, तिसऱ्याला फोटो हवा असतो. असे दहा-दहा मिनिटांचे पाच सुटे थांबे झाले की जवळजवळ तास गेलाच. म्हणून दर २०-२५ किलोमीटरला सगळ्यांनी एकत्र १० मिनिटं थांबा आणि ही कामं तेव्हाच उरका. जेवणाला पाऊण तास आणि पंक्चरला अर्धा तास राखीव धरून सात-साडेसात तास होतात. चढाचा रस्ता असेल तर नऊ धरा. उजाडताच निघणं त्यासाठीच.

थांब्याची १० मिनिटं शेवटचा माणूस पोहोचल्यापासून मोजायची. नाहीतर पुढचे ताजेतवाने होऊन निघतात आणि जो सगळ्यात दमलाय त्यालाच विश्रांती मिळत नाही. वारा समोरून असेल तर एका रांगेत चालवा आणि हळू चालवणाऱ्याला दुसऱ्या क्रमांकावर घ्या, म्हणजे त्याला आडोसा मिळतो. पुढचा माणूस पाच-दहा मिनिटांनी बदलत राहा. दोन सायकलींत निदान एका सायकलीचं अंतर ठेवा. तुमचं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाच्या बाजूला कधीही जाऊ देऊ नका: तो जरा वळला तरी चाकं घासतात आणि पडतो तो बहुतेक वेळा मागचा. पंप आणि हत्यारं सर्वांत शेवटी चालणाऱ्याकडे द्या, आणि तो गटातला दमदार गडी असू द्या.

पंक्चर झालं तर रस्त्यावर पॅच लावत बसू नका, ट्यूबच बदला. पण नवी ट्यूब घालण्याआधी जुनीत हवा भरून भोक शोधा आणि ती टायरच्या शेजारी धरून त्याच जागी काटा आहे का बघा. मग टायरच्या आतून सगळीकडे बोटं हळूच फिरवा. ट्रकच्या फुटक्या टायरमधली बारीक तार डोळ्यांना दिसत नाही, बोटाला टोचते. ती आत राहिली तर नवी ट्यूबही थोड्याच वेळात पंक्चर होते. शेजारी-शेजारी दोन चिरा दिसल्या तर काट्याचा दोष नाही. हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चेमटली. सामान असलं की मागच्या चाकावर भार जास्त येतो, तेव्हा टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेत राहून मागे थोडी जास्त हवा ठेवा आणि रोज सकाळी तपासा. प्रत्येकाकडे स्वतःच्या मापाच्या आणि स्वतःच्या रिमला बसणाऱ्या वॉल्वच्या दोन ट्यूब हव्यात. चेनचा जोडदुवाही, म्हणजे तुटलेली चेन जोडायची कडी, आपापल्या मागच्या गिअरच्या संख्येप्रमाणे घ्या. दहाचा अकराला चालत नाही.

तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी, उन्हात त्यात मीठ-साखर. पहिल्या तासापासूनच केळं, खजूर असं थोडं थोडं खात राहा. भूक लागल्यावर खाल्लेलं अंगी लागायला वेळ लागतो आणि तोवर पाय जड होतात.

गुडघा पुढून दुखला तर बहुधा सीट खाली आहे, मागून दुखला तर वर. एका वेळी ३-४ मिलिमीटरच हलवा. पॅडवाल्या चड्डीच्या आत दुसरी चड्डी घालू नका. शिवणीनेच कातडी सोलवटते.

मुक्कामाला पोहोचल्यावर आंघोळीआधी चेन पुसून तेल द्या आणि वरचं तेल फडक्याने टिपून घ्या, नाहीतर त्यावर धूळ बसते. ब्रेकचे रबर किती उरलेत ते पाहा, मागचा लाल दिवा चार्जिंगला लावा, चड्डी धुऊन वाळत घाला. उद्याचा पहिला थांबा कुठे, हे झोपण्याआधी पाचहीजणांना माहीत असू द्या.