टँकचा दिवा लावला की घराची लाईट जाते

प्रश्न : दोन फुटी फिशटँकच्या झाकणात एलईडी दिवा आहे. टाकीत बोअरचं पाणी आहे. महिनाभरापासून दिवा लावला की बोर्डातला टेस्ट बटणवाला स्विच पडतो. रात्री कूलर चालू असला तर हमखास. वायरमन म्हणतो, हा काढून साधा स्विच टाकू. टाकू द्यावा का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : मुळीच नाही. त्या स्विचला आरसीसीबी म्हणतात आणि तो माणसं वाचवतो. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने पुरता परत आला नाही, कुठेतरी गळाला, की तो पडतो. लोड वाढल्याने पडतो तो एमसीबी. तुमचा दिवा पाव अँपियरही ओढत नसेल, त्यामुळे लोडचा विषयच नाही.

घरगुती आरसीसीबी ३० मिलिअँपियरचा असतो, पण १५ च्या पुढे कधीही पडू शकतो. जुन्या कूलरच्या ओल्या पंपातून दहा-बारा गळत असतील तर दिव्याचे पाच-सहा पुरतात. म्हणून दोघांचीही तपासणी करा. कूलरला हात लावून झटका जाणवत असेल तर तो आधी बंद.

टाकीत हात घालण्याआधी दिवा, फिल्टर, हीटर, एअर पंप सगळ्यांच्या पिना सॉकेटातून उपसा. नुसतं बटण बंद करून भागत नाही. उलटी वायरिंग असेल, म्हणजे बटण फेजऐवजी न्यूट्रलवर असेल, तर बटण बंद असूनही फेज टाकीपर्यंत आलेला असतो. मग आरसीसीबी वर करून एकेक वस्तू लावत जा. काच तडकलेला हीटर असाच सापडतो.

आता झाकण उलटं करून पाहा. वायर दिव्यात शिरते तिथे मिठासारखा पांढरा थर दिसेल. एअर पंपाचे बुडबुडे फुटतात, थेंब उडतात, पाणी वाळतं आणि बोअरचे क्षार तिथेच राहतात. रात्री वाफ धरली की हा थर ओलावतो आणि करंटला वाट मिळते. व्हिनेगरमध्ये भिजवून पिळलेल्या फडक्याने थर काढा, ओल्या फडक्याने पुसा, सावलीत २४ तास वाळवा. उन्हात झाकण वाकडं होतं.

तरीही पडला तर वायरमनकडून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायचं यंत्र) तपासून घ्या : दिव्याचे फेज-न्यूट्रल एकत्र धरून धातूच्या बॉडीशी. एक मेगओहमपेक्षा कमी आलं की दिवा बाद. मल्टिमीटरवर ही गळती बहुतेक वेळा दिसत नाही. नवा घेताना १२ व्होल्टचा, बाहेर अडॅप्टर असलेला घ्या. दिव्याखाली ४ मिमी काच टाका. वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे ओघळ झोळातून खाली टपकतो, सॉकेटात जात नाही.

प्रश्न : नवा कोरडा दिवा हॉलमधल्या एकाच सॉकेटवर आरसीसीबी पाडतो, दुसऱ्या खोलीत चालतो.
– एक वाचक, नांदेड

उत्तर : त्या सॉकेटला टेबल फॅन लावून पाहा. त्यानेही पडला तर दिवा निर्दोष आहे. इन्व्हर्टर बसवताना फेज एका लाइनचा आणि न्यूट्रल दुसऱ्या लाइनचा जोडला गेला असणार. मग दिव्याचा सगळाच करंट भलत्या वाटेने परततो, आणि १० वॅटच्या दिव्याचेही ४० मिलिअँपियरच्या वर होतात. त्या पॉइंटचा न्यूट्रल त्याच्याच लाइनला जोडून घ्या.