ट्रकने कट मारला, गाडीला नुसते ओरखडे, पण खांदा उचलत नाही: सही करण्याआधी हे वाचा

ताई, इतरांनाही संदर्भ लागावा म्हणून आधी तुमची हकीकत थोडक्यात मांडतो. तीन आठवड्यांपूर्वी नाशिकहून पुण्याला जाताना मंचरच्या अलीकडे एका ट्रकने उजवीकडून ओव्हरटेक करता करता तुमच्या गाडीला कट मारला. आरसा गेला, उजव्या बाजूची दोन्ही दारं घासली, गाडी डावीकडे साइडपट्टीवर उतरून थांबली. मिस्टर चालवत होते, तुम्ही शेजारी, सासूबाई मागे. रक्त नाही, काही मोडलं नाही, म्हणून त्या दिवशी कुणीच दवाखान्यात गेलं नाही. पोलिसांकडे साधा अर्ज दिलात. आता मिस्टरांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, एक्स-रे नॉर्मल आहे, आणि ट्रकमालक फोन करून म्हणतोय, "वीस हजार घ्या, दारं रंगवा आणि तक्रार नाही म्हणून सही द्या."

मी नोकरीभर विमा कंपनीच्या मोटार थर्ड पार्टी विभागात (विमा उतरवलेल्या गाडीमुळे इतरांना झालेल्या नुकसानीचे दावे बघणारा विभाग) होतो, म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या बाजूला. त्या बाजूने तुमची केस कशी दिसेल ते सांगतो. ती सही आत्ता करू नका. दुखापत नेमकी काय आहे हे डॉक्टरांनाच अजून कळलेलं नाही, मग तिची किंमत तुम्ही कशी ठरवणार?

पण कायद्याआधी सासूबाई. त्यांना रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे आणि गाडी साइडपट्टीवर उतरताना डोकं काचेला "जरासं" लागलं, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. मला सगळ्यात काळजी त्याचीच वाटली. वयस्कर माणसाच्या डोक्यात, त्यातून अशी गोळी चालू असताना, मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू रक्त साचू शकतं आणि लक्षणं काही आठवड्यांनीही दिसू शकतात. डोकेदुखी, झोपाळूपणा, चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ, उलटी, एका बाजूचा हात किंवा पाय कमजोर वाटणं, यातलं काहीही असेल तर उद्याची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा. काहीच नसेल तरी गोळीचं नाव आणि अपघाताची तारीख सांगून डॉक्टरांना दाखवा, सीटी स्कॅन लागेल का ते ते ठरवतील. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका.

आता मिस्टरांचा खांदा. बाजूने घासणाऱ्या अपघातात गाडी फारशी चेपत नाही, त्यामुळे सगळ्यांना वाटतं की आतल्या माणसालाही काही झालं नसणार. शरीराला मात्र बाजूने झटका बसतो. मान आडवी हिसकते, चालकाचा उजवा खांदा दारावर आदळतो, त्याच खांद्यावरून पट्टा गेलेला असतो, आणि गाडी सावरायला दोन्ही हातांनी स्टिअरिंग गच्च धरलेलं असतं. अशा वेळी खांद्याचे स्नायूबंध फाटू शकतात. एक्स-रेमध्ये हाड दिसतं, स्नायूबंधांची फाट दिसत नाही. त्यासाठी सोनोग्राफी किंवा एमआरआय लागतो. मानेचं दुखणंही बहुतेकदा एक-दोन दिवसांनी सुरू होतं, त्यामुळे "त्या दिवशी दुखलं नाही" याचा अर्थ लागलंच नाही असा होत नाही. हाताला मुंग्या येत असतील, पकड सैल वाटत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या.

या प्रकारच्या अपघातातली सगळ्यात वाईट दुखापत तुमच्याकडे झाली नाही, पण वाचणाऱ्या इतरांसाठी सांगतो. खिडकीवर कोपर टेकवून गाडी चालवणारे, एसटीत खिडकीबाहेर कोपर काढून झोपणारे, यांच्या कोपराला समोरून येणारी गाडी घासून गेली की कोपराच्या वरचं आणि खालचं हाड एकदम मोडतं, सांधा निखळतो, जखम उघडी असते. अस्थिरोगतज्ज्ञ त्याला साइडस्वाइप (म्हणजे बाजूने घासून गेल्याने होणारं) फ्रॅक्चर म्हणतात. असे हात पूर्वीसारखे सरळ होणं फार अवघड असतं. बसमधल्या प्रवाशाने खिडकीवर कोपर टेकवलं म्हणजे चूक त्याचीच, असं मात्र न्यायालय सरसकट धरत नाही. प्रवासी असं बसतात हे चालकाने गृहीत धरून पुरेसं अंतर ठेवावं, अशी भूमिका मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने 1970 च्या दशकातच घेतली होती.

आता टेबलाच्या पलीकडे काय चालतं ते. अशी फाइल आली की आम्ही पहिल्यांदा दोन गोष्टी बघायचो. अपघात आणि दुखापत यांना जोडणारा कागद आहे का, आणि कुठली गाडी कुणाच्या बाजूला आली. तुमच्याकडे पहिलीची बाजू लंगडी आहे, कारण उपचार उशिरा सुरू झाले. ती सावरता येते. ज्या डॉक्टरांकडे जाल त्यांना पहिल्याच भेटीत तारीख, ठिकाण, ट्रकने उजवीकडून घासल्याचं आणि दुखणं कधी सुरू झालं ते सांगा. केसपेपरवर ते तसंच उतरलं आहे ना, हे तिथेच वाचून बघा. घाईत कुणी "खांदेदुखी, तीन आठवडे" एवढंच लिहिलं, तर पुढे विमा कंपनीचा वकील उलटतपासणीत त्याच ओळीवर बोट ठेवणार. हॉस्पिटलमध्ये एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांना कळवली जाणारी) नोंद करायला सांगा. फिजिओथेरपीच्या पावत्या, औषधांची बिलं, रिक्षाचं भाडं, मिस्टरांनी सोडलेली कामं, सगळं एका फायलीत ठेवा.

दुसरी गोष्ट गाडीच सांगते, म्हणून दारं इतक्यात रंगवू नका. पुढे जाणारी गाडी जास्त वेगात असेल तर तिचे ओरखडे तुमच्या गाडीवर मागून पुढे ओढले जातात आणि आरसा पुढच्या बाजूला ढकलला जातो. तुम्ही ट्रकला ओव्हरटेक करत असता, तर खुणा पुढून मागे गेल्या असत्या. "गाडीवालाच माझ्या अंगावर आला" असं ट्रकचालक उद्या म्हणाला, तर वेग कुणाचा जास्त होता एवढं तरी या खुणांवरून ठरतं. दिवसाच्या उजेडात फोटो काढा, एक लांबून, एक जवळून, शेजारी मोजपट्टी धरून. ट्रकचा रंग दाराला लागला असेल तर त्याचा वेगळा फोटो घ्या. डॅशकॅम असेल तर मूळ कार्ड काढून बाजूला ठेवा. ते चित्रण पुराव्यात देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते वकील करून देतील. पेट्रोल पंप आणि ढाब्यांचं सीसीटीव्ही थोड्या दिवसांत पुसलं जातं, तिथे कदाचित उशीर झाला असेल. ट्रक टोलनाक्यावरून गेला असेल तर फास्टॅगची नोंद सापडू शकते. ती जपून ठेवावी म्हणून पोलिसांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

पोलिसांकडचा साधा अर्ज पुरेसा नाही. एफआयआर नोंदवून घ्या. बेदरकार चालवण्याचं कलम आता भारतीय न्याय संहितेचं 281 आहे, दुखापतीचं 125. दुखापत पंधरा दिवस तीव्र वेदना देत असेल किंवा तेवढे दिवस रोजचं काम करता येत नसेल, तर हाड न मोडताही ती कायद्याने गंभीर दुखापत ठरते. पूर्वी हे वीस दिवस होते. पोलीस ठाण्यात घेतलं नाही, तर पोलीस अधीक्षकांना लेखी तक्रार पाठवा, तरीही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. "उशीर झाला, आता काही होणार नाही" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. एफआयआर उशिरा झाली एवढ्यावरून खरा दावा फेटाळता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये रवी विरुद्ध बद्रीनारायण या खटल्यात स्पष्ट केलं आहे. उशिराचं कारण तेवढं खरं आणि सरळ लिहा. गुन्हा नोंदला गेला की पोलिसांनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे (अपघाताच्या भरपाईचे दावे जिथे चालतात) प्रथम अपघात अहवाल आणि पुढे सविस्तर अपघात अहवाल पाठवायचा असतो, त्याच्या प्रती मागून घ्या.

मग दावा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 खाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करायचा. अपघात पुणे जिल्ह्यात झाला म्हणून खेपा घालायची गरज नाही, तुम्ही राहता त्या नाशिकमध्येही दाखल करता येतो. प्रतिवादी ट्रकचालक, मालक आणि ट्रकची विमा कंपनी. विम्याची मुदत एमपरिवहन अ‍ॅपवर ट्रकचा नंबर टाकून बघता येते. चालकाच्या परवान्यात खोट निघाली तरी बहुतेक वेळा न्यायाधिकरण विमा कंपनीला आधी पैसे द्यायला लावतं आणि मालकाकडून वसूल करायला सांगतं.

मुदत मात्र डोक्यात पक्की ठेवा. 1 एप्रिल 2022 पासून कायद्यात अपघातापासून सहा महिन्यांची मर्यादा आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्याच्या भरवशावर बसू नका. उपचार पूर्ण व्हायचे असले तरी अर्ज आत्ता टाका, अपंगत्वाचं प्रमाणपत्र नंतर जोडता येतं.

रक्कम कशी ठरते, हे तुम्हाला ट्रकमालकाच्या वीस हजारांशी ताडून बघता यावं म्हणून सांगतो. मिस्टर वायरमन आहेत, वय 38. समजा उत्पन्न महिना 25,000 सिद्ध झालं, म्हणजे वर्षाचे 3 लाख. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के धरले तर 4,20,000. या वयाला गुणक 15, म्हणजे वर्षाच्या रकमेला 15 ने गुणायचं. कायमच्या अपंगत्वामुळे कमाईची क्षमता 20 टक्के घटली असं ठरलं, तर फक्त या एका शीर्षाखाली 12,60,000 होतात. उपचार, बुडालेली कमाई, वेदना, पुढची शस्त्रक्रिया हे सगळं त्याहून वेगळं. इथे डॉक्टरांचा टक्का आणि कमाईचा टक्का एकच नसतो. राजकुमार विरुद्ध अजय कुमार या 2011 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच समजावलंय: डावा हात गमावला तर सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळपास संपते, कारकुनाची नोकरी टिकू शकते. वायरमनला दिवसभर हात डोक्याच्या वर धरून काम करावं लागतं, हे तुमच्या वकिलाने साक्षीत ठळकपणे आणायला हवं. बँकेचं पासबुक, आयटी रिटर्न, कामाच्या पावत्या, ठेकेदारांची पत्रं आत्तापासून गोळा करा. खांदा पूर्ण बरा झाला तर ही रक्कम खूप खाली येईल, आणि तसंच व्हावं असं मला मनापासून वाटतं.

विमा कंपनीकडून कलम 164 खाली गंभीर दुखापतीसाठी 2.5 लाखांचा प्रस्ताव येऊ शकतो. त्यात चूक कुणाची हे सिद्ध करावं लागत नाही. पण तो स्वीकारला की कलम 166 चा दावा संपतो. एमआरआय हातात येण्याआधी हो म्हणू नका.

तुम्ही स्वतःबद्दल एकच ओळ लिहिलीत, "मला फक्त चक्कर येते आणि मान दुखते." ताई, तुम्हीही तपासून घ्या, आणि तुमचा दावाही वेगळा टाका. मिस्टरांची थोडी चूक ठरली तर त्यांच्या रकमेतून तेवढा टक्का कापला जाईल, तुमच्या नाही, कारण तुम्ही गाडीत बसलेल्या होतात. घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामाचंही मोल धरायचं असतं, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये पुन्हा ठणकावून सांगितलंय. सासूबाईंचंही तसंच.

गाडीच्या दुरुस्तीसाठी स्वतःच्या कंपनीत ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) क्लेम करणं सोपं, नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जाईल एवढंच. पॉलिसीत अपघात लगेच कळवायला सांगितलेलं असतं, म्हणून आजच कळवा. ट्रकमालकाकडून दारांचे पैसे घ्यायचेच असतील, तर पावतीवर "फक्त वाहनाच्या दुरुस्तीपोटी, शारीरिक दुखापतीचा दावा अबाधित ठेवून" असं स्पष्ट लिहा. त्याला हेही शांतपणे सांगा, की ट्रकचा विमा चालू असेल आणि चालकाच्या परवान्यात खोट नसेल तर दुखापतीची भरपाई कंपनी देणार आहे, त्याच्या खिशातून जाणार नाही. गुन्हा नोंदला जाण्याच्या धास्तीने बरेच मालक असे फोन करतात.

राहिला वकील. हॉस्पिटलच्या दारात भेटणारे आणि "मिळालेल्या रकमेतले इतके टक्के द्या, बाकी काही नको" म्हणणारे टाळा. अशी टक्केवारी ठरवायला बार कौन्सिलचे (वकिलांच्या नियामक संस्थेचे) नियम वकिलांना मनाई करतात. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. नाशिकच्या जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात तुमच्या आणि सासूबाईंच्या नावाने अर्ज करा. पुढे लोकअदालतीत तडजोडीची बोलणी निघतीलच. जायला हरकत नाही, पण तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही, म्हणून खांद्याच्या डॉक्टरांचं शेवटचं मत हातात आल्यावरच आकड्याला होकार द्या.

एमआरआय झाला की अहवालात काय लिहिलंय ते इथे टाका, नाव आणि नंबर झाकून. एफआयआरला कुणी नकार दिला तर तेही कळवा, अधीक्षकांच्या अर्जाचा मसुदा मी लिहून देतो.