उभ्या बाइकची बॅटरी कोण पितंय?

मित्रा, नवी बॅटरी घ्यायची घाई करू नकोस. आधी आहे ती पूर्ण चार्ज कर, निगेटिव्ह वायर काढून ठेव आणि रात्रभर तशीच राहू दे. सकाळी १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले तर बॅटरी बहुधा ठीक आहे. वायर न जोडताही १२.२ वर आली असेल, तर पुढचं वाचूच नकोस, बॅटरीच गेली.

ठीक असेल तर बाइक बंद असताना चोरून जाणारा करंट मोजायला मल्टीमीटर घे. लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात घाल, चावी बंद ठेव, आणि निगेटिव्ह टर्मिनल व सुटी वायर यांच्या मध्ये मीटर जोड. मीटर असा जोडलेला असताना चावी फिरवायची नाही, स्टार्टर तर नाहीच. मीटरचा फ्यूज उडतो. मी दोन उडवलेत.

घड्याळ वगैरेसाठी एक-दोन मिलिअँपिअर चालतात. पण ५० मिलिअँपिअर (१० अँपिअरच्या रेंजवर ०.०५) दिसले तर हिशेब कर: दिवसाला १.२ अँपिअर-अवर. आठ अँपिअर-अवरची बॅटरी आठवडाभरात झोपणार.

आता एकेक फ्यूज काढत जा. आकडा धपकन खाली आला की चोर त्याच लाइनवर. सगळे काढूनही हलला नाही, तर रेग्युलेटर-रेक्टिफायरचं (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा डबा) कनेक्टर सोडवून बघ. आतला डायोड, म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, लीक झाला की हेच होतं. पण सगळ्यात आधी संशय मोबाइल चार्जरवर घे. तो बहुतेक वेळा थेट बॅटरीला जोडलेला असतो, त्याचा बारका निळा दिवा रात्रभर जळतो आणि दिवसा कुणाला दिसतच नाही.